वाट्यावाले सर

किरनापूरच्या पुढच्या गावांत आजही कोणाला विचारा, "तुमची गिरणी कोणी घालवली?" तर उत्तर एकच येतं, "वाट्यावाल्या सरानं." मागच्या हिवाळ्यात ते मी चहाच्या टपरीवर ऐकलं. सांगणारा तिशीतला माणूस होता, त्यानं सरांना पाहिलं तरी असेल की नाही शंका आहे. पण तो खात्रीनं सांगत होता की बालाघाटचा एक प्रोफेसर स्टीलच्या वाट्या घेऊन घरोघर आला, गोड बोलून बायाबापड्यांचा कौल घेतला आणि गिरणी शेठच्या घशात घातली. मी शेजारच्या बाकावर होतो. ज्या कंपनीची ती गिरणी, तिचा मी अध्यक्ष होतो. त्यानं मला ओळखलं नाही. मी अर्धा चहा टाकून उठलो आणि समोर आली ती बस पकडली.

वाट्यावाले सर म्हणजे वसंतराव देवपुजारी. त्यांनी गिरणी घालवली नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण ती गेली ती माझ्या तोंडच्या शब्दानं. माझी प्रकृती पाहता आता लिहिलं नाही तर राहूनच जाईल, आणि त्या माणसाचं नाव त्या गावांत असंच घेतलं जाईल.

सर निवृत्तीपर्यंत बालाघाटच्या कॉलेजात कॉमर्स शिकवत. वर्गात हिंदी, घरी मराठी, आणि चिडले की इंग्रजी. उंच, थोडे पोक काढून चालायचे, बाराही महिने गळ्याभोवती रुमाल. त्यांच्याशी साधा व्यवहार करणंसुद्धा अवघड असे. भाजीबाजारात एखादं गिऱ्हाईक सहज म्हणायचं, "भेंडी पण छान आहे, दोडकापण." सर लगेच त्याच्याकडे वळत. "'दोन्ही' हे उत्तर नाही. ती पळवाट आहे. पिशवीत एकच मावत असेल तर काय सोडाल?"

तो माणूस गोंधळायचा. भाजीवाली वैतागून म्हणायची, "सर, तुमी आधी बाजूले व्हा. मांगं गिऱ्हाईक उभे राह्यले."

हा नुसता विक्षिप्तपणा नव्हता. कंपनीचा कारभार हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. कंपनी चालवणारे संचालक आणि कंपनीचे मालक असलेले भागधारक, या दोघांना खरोखर कशाची किंमत वाटते, ते मोजता येतं का, याचा त्यांना ध्यास होता. ते म्हणत, "माणसाला काय हवं ते विचारू नये. तो सगळंच मागतो. काय सोडशील ते विचारावं. तिथं माणूस खरं बोलतो."

मालतीवहिनींना मी एकदा गमतीनं म्हटलं, "तुमच्याशी लग्न करताना सरांनी काय सोडलं?"

"सागर गावची एक मुलगी," वहिनी कणीक मळता मळता म्हणाल्या. "अन् सोडली ते बरं केलं की वाईट, ते मोजणं अजून चालूच आहे."

सर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "निकाल तुझ्या बाजूनं आहे. थोडक्या फरकानं."

आमची कंपनी धान पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली. सुवासिक चिन्नोर आणि साधं धान, दोन्हींची मळणी झाली की शेतकरी आपल्याच राइस मिलमध्ये आणत. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेलो. किरनापूरकडे वडिलांची थोडी शेती होती. कोणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून सर्वांना अध्यक्ष म्हणून चाललो. सरांना आम्ही बाहेरचे जाणकार संचालक म्हणून घेतलं. खरं सांगायचं तर, यादीत एखाद्या प्रोफेसरचं नाव बरं दिसतं म्हणून घेतलं.

पहिल्याच वार्षिक सभेत त्यांनी सगळ्यांना अवघडून टाकलं. आमच्याकडे पद्धत अशी होती की सभा मंडपात, आणि मागे जेवणाची पंगत. लोक जेवायला निघाले की वाटेत टेबलावर सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि जेवण झालं म्हणजे ठराव मंजूर. यात कोणाला काही खटकत नव्हतं. सरांनी माइक मागून घेतला आणि विचारलं, "हे सगळे ठरावाला आले आहेत की वांग्याच्या भाजीला?"

लोक हसले. संचालकांपैकी पटलेजी हसले नाहीत. लालबर्ऱ्याच्या बाजूचे मोठे कास्तकार, बोलायला फटकळ. म्हणाले, "सरजी, भाजी बंद करके देख लो. आपको जवाब मिल जाएगा."

सरांनी पुढच्या वर्षी जेवण आधी ठेवायला लावलं, म्हणजे लोक फक्त ठरावासाठी थांबतील. लोक जेवले, हात धुतले आणि घरी गेले. मंडपात आम्ही संचालक, एक लाउडस्पीकरवाला आणि दोन कुत्री. सरांनी रिकाम्या खुर्च्या मोजल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अध्यक्ष, मोजलं तर हे असं आहे. त्यांना आपल्या ठरावाची किंमत एका पुरीइतकीही वाटत नाही. आता ते का, हे शोधायला पाहिजे."

दुसरा कोणी असता तर राजीनामा देऊन मोकळा झाला असता. सरांनी घरून चार वाट्या आणल्या.

त्या वाट्यांची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या भागधारकांतले कित्येक जण वाचू शकत नव्हते, म्हणून सरांनी कागद टाळला. चार वाट्या समोर मांडायच्या. एकीत धानाची लोंबी, म्हणजे धानाला चांगला भाव. एकीत आरशाचा तुकडा, म्हणजे वजन आणि हिशेब आपल्या डोळ्यांसमोर. एकीत कुंकू लावलेल्या अक्षता, लग्नाचं बोलावणं करताना देतात तशा, म्हणजे काही ठरवण्याआधी आम्हाला विचारा. आणि एकीत कापूस, म्हणजे शांतता, भांडण नको. माणसाच्या हातात मूठभर चिंचोके द्यायचे. तुम्हाला ज्याची जेवढी किंमत, तेवढे चिंचोके त्या वाटीत टाका. एका वाटीत जास्त टाकायचे तर दुसरीतून कमी करावे लागणार. सोडल्याशिवाय मिळणार नाही.

वाट्या वहिनींच्या रोजच्या वापरातल्या. वहिनी दारापर्यंत मागे यायच्या. "अहो, वरण कशात वाढू मी?"

"ताटात वाढ. मी कोरडं खातो."

कापडी पिशवीत वाट्या घालून सर बसनं निघत. बस हलली की वाट्या वाजत आणि लोक वळून पाहत. म्हणून ते पिशवी मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायचे, एखाद्या लहान बाळासारखी. गावात उतरले की पकड सुटायची, वाट्या खणखणायच्या आणि आवाज ऐकून लोक म्हणायचे, "आले वाट्यावाले सर."

त्यांनी आधी आम्हा संचालकांना बसवलं. एकेकाला खोलीत बोलावून, बाकीचे बाहेर. पटलेजींनी आत गेल्या गेल्या कापसाच्या वाटीकडे बोट दाखवलं. "ये क्या है, कान में डालने का?"

"शांतता आहे, पटलेजी."

"तो फिर सही है," असं म्हणून त्यांनी जवळजवळ सगळे तिथंच ओतले. माझी पाळी आली. मी सगळेच कापसात टाकले. एकही बाहेर नाही.

सरांनी चष्मा वर करून पाहिलं. "अध्यक्ष, सगळे?"

"रोजची कटकट सहन होत नाही, सर. धान ओलं म्हणून परत केलं की बाया फाटकाशी ठाण मांडतात. कोणाचं आधी मोजलं, कोणाचं मागं राहिलं. माझा फोन बंद होत नाही."

"ज्याला तुम्ही कटकट म्हणता ना," सर वाट्या आवरत म्हणाले, "कायद्याच्या पुस्तकात त्याला भागधारक म्हणतात."

मग ते गावोगाव फिरले. निकाल आला तेव्हा मी त्यांना थोडं खट्टू झालेलं पाहिलं. भागधारकांनी सगळ्यात जास्त चिंचोके भावाच्या वाटीत टाकले होते आणि त्याखालोखाल कापसात. अक्षतांची वाटी जवळजवळ रिकामी. त्यांना वाटलं होतं तसं ते नव्हतं. तरी त्यांनी संचालकांच्या बैठकीत ते जसंच्या तसं सांगितलं. पटलेजींनी टेबलावर हात मारला. आमच्याकडे तेव्हा एक प्रस्ताव आलेला होता. गोंदियाकडचा एक शेठ आमची गिरणी लांब मुदतीनं चालवायला घ्यायला तयार होता. भाव चांगला देईन म्हणत होता आणि रोजचा ताप त्याच्या डोक्यावर जाणार होता. "मेंबर लोगों को भाव चाहिए, हमको शांति," पटलेजी म्हणाले. "दोनों मिल रहे हैं." विशेष सभा लावायची ठरली. गिरणी शेठला देण्याचा ठराव.

एक गाव मोजायचं राहिलं होतं. माझंच. निकाल तर ठरल्यासारखा होता, पण सर अपुरं काही सोडत नसत. शेती पाहायची म्हणून मीही सोबत गेलो. उन्हाळा लागला होता. सोनाबाईच्या अंगणात खाटेवर बसलो. सोनाबाई आमच्या शेताशेजारची, मला भाऊ म्हणायची. तिच्या नवऱ्यानं चिंचोके टाकले, लोंबीत आणि कापसात, बाकीच्या पुरुषांसारखेच. आतून चहा आला. कप ठेवून सोनाबाई आत गेली नाही. पदर सावरत दाराशी उभी राहिली.

"सर, एक इचारू का? शेर कोनाच्या नावानं हाय?"

नवरा म्हणाला, "तू जा ना अंदर. का लावलं बीचमें."

"माह्या नावानं हाय. अंगठा म्या लावला. मंग चिंचोके यायले काहून देल्ले?"

सरांनी हातातला कप खाली ठेवला.

ती म्हणत होती ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कंपनी निघाली तेव्हा कोणीतरी सांगितलं होतं की बायकांच्या नावानं शेअर घेतले तर सरकारी मदत सोपी जाते. म्हणून घरोघरी बायकांचे अंगठे घेतले. पुढे आम्ही ते विसरूनच गेलो. भागधारक म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर अंगणात खाटेवर बसलेला माणूसच येई. आणि सर? ते ज्या अंगणात बसले तिथं बाईमाणूस दाराआड, बोलायला पुरुष पुढे. त्यांनी रीत पाळली.

"अध्यक्ष," ते हळूच म्हणाले, "मी ज्यांच्या हातचा चहा पीत गावोगाव फिरलो, त्या भागधारक होत्या. आणि विचारलं मी त्यांच्या नवऱ्यांना."

परतताना बसमध्ये वाट्या वाजत होत्या. त्यांनी पिशवी धरली नव्हती.

बालाघाटला उतरल्यावर त्यांनी माझा दंड पकडला. "पहिली मोजणी मी मागे घेतो. ती खोटी आहे. सभा पुढे ढकला."

"आता कसं शक्य आहे? शेठची माणसं येणार आहेत. पटलेजी..."

"दोनांपैकी काय सोडाल? शेठ की भागधारक?"

"सर, रस्त्यात नका हो हा खेळ."

त्यांनी माझा दंड सोडला. मग म्हणाले, "बरं. सभेच्या आधी मी पुन्हा गावोगाव फिरतो."

आणि ते फिरले. वय सत्तरीकडे झुकलेलं, वैशाखाचं ऊन, गळ्यातला रुमाल भिजवून डोक्यावर. सकाळची बस, दुपारी कुठे झाडाखाली, संध्याकाळी परत. एक दिवस वहिनींचा फोन आला, "तुमचं ऐकतील ते, थांबवा त्यांना. रात्री झोपेत पण 'अक्षता कुठं आहेत' म्हणतात." मी थांबवायला म्हणून गेलो आणि त्यांच्या मागे मागे फिरत राहिलो. पुन्हा सोनाबाईचं अंगण. या वेळी सरांनी नवऱ्याला सांगितलं, "तुम्ही जरा बैल पाहून या." तो कुरकुरत गेला. शेजारच्याही बाया जमल्या होत्या. एक जण विचारत होती, "शेठ कनकी देइन का? आपली गिरनी तं कनकी बी देते अन् कोंढा बी." तांदळाची कणी आणि कोंडा, कोंबड्या आणि म्हशी, हे पुरुषांच्या मोजणीत कुठंच नव्हतं.

सोनाबाईनं चारही वाट्या निरखून पाहिल्या. आरसा उचलून त्यात तोंड पाहिलं, हसली, परत ठेवला. मग मूठ अक्षतांच्या वाटीवर उघडली.

"सगळे?" सरांनी विचारलं. माझ्या वेळी विचारलं होतं त्याच शब्दात.

"मले आजलोक कोनं इचारलंच नाही. मंग सारे याच्यातच टाकतो."

"म्हणजे गिरणी देऊ नये असं म्हणता?"

"द्याची का नाही ते मंग पाहू ना, सर. पयले इचारा तं."

बाकीच्या घरांतही थोड्याफार फरकानं तेच होत गेलं. सर त्या आठवड्यात मला विलक्षण दिसत होते, थकलेले आणि पेटलेले. "त्या गिरणी देऊ नका म्हणत नाहीत, अध्यक्ष," ते म्हणत. "आम्हाला विचारा म्हणतात. एवढंच करायचं. सभेत आधी बायकांना बोलू द्यायचं, त्यांचं मत घ्यायचं, मग ठराव. काय अवघड आहे त्यात?"

काहीच अवघड नव्हतं.

सभेच्या आदल्या दिवशी ऊन लागून ते रस्त्यातच पडले. कोणीतरी ओळखीच्या जीपमधून बालाघाटला आणलं. मी दवाखान्यात गेलो तेव्हा सलाइन लावलेलं होतं. ओठ सुकलेले. वहिनी उशाशी बसून पदरानं वारा घालत होत्या. पंखा चालू होता तरी.

"तुम्हीच सांगा उद्या," ते म्हणाले. "तुम्ही होतात माझ्याबरोबर, तुम्ही पाहिलं आहे. पहिली मोजणी रद्द. बायकांनी काय टाकलं ते सांगा. तुमच्या तोंडून ऐकतील." मग खाटेखालच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "वाट्या घेऊन जा. टेबलावर ठेवा. त्यांना दिसू द्या. म्हणजे कळेल की आपलं तिथवर पोचलं."

"अहो, आता तरी त्या वाट्यांचं सोडा," वहिनी म्हणाल्या.

मी पिशवी उचलली. म्हटलं, "काळजी करू नका, सर." तेव्हा मी मनापासून म्हटलं होतं. हे कोणाला पटणार नाही, पण तेव्हा माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

मंडप भरलेला होता. पुढे पुरुष. बाया मागे, कनातीच्या कडेनं, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. एरवी येत नसत. मी वाट्या टेबलावर ओळीनं मांडल्या तशी मागे कुजबुज झाली. बाया एकमेकींना दाखवत होत्या. सोनाबाई उभी राहून पाहत होती.

माझ्या एका बाजूला शेठचा माणूस, दुसऱ्या बाजूला पटलेजी. पटलेजी माझ्या कानाशी म्हणाले, "साहब, आज झगड़ा मत होने देना." त्यांनी धमकी दिली नाही. पैसे दिले नाहीत. कोणी मला काही दिलं नाही. मी उभा राहिलो, आणि माझ्या डोळ्यांसमोर पुढचा तास उभा राहिला. बाया बोलणार, नवरे त्यांना दरडावणार, पटलेजी आवाज चढवणार, शेठचा माणूस उठून जाणार, संध्याकाळपर्यंत माझा फोन वाजत राहणार. मी ठरावाचा कागद उचलून खाली पाहिलं. मी नोकरीत होतो तेव्हाही असाच होतो. साहेबांसमोर कोणी आवाज चढवला की मी फाइल उघडून खाली पाहायचो.

मी म्हणालो, "देवपुजारी सरांनी घरोघर जाऊन मोजलं आहे. तुम्हाला चांगला भाव हवा आणि शांतता हवी. हे मी म्हणत नाही, तुमचे चिंचोके म्हणत आहेत. म्हणून गिरणी शेठजींना द्यायचा ठराव मांडतो."

टाळ्या वाजल्या. मागून सोनाबाईचा आवाज आला. त्या मंडपात बाईचा आवाज पहिल्यांदाच येत होता, त्यामुळे सगळे वळले.

"भाऊ, आमा बायकाईचे चिंचोके बी त्यात हायत का?"

वाट्या माझ्यासमोर होत्या. अक्षतांच्या वाटीतलं कुंकू अजून लाल होतं.

मी म्हणालो, "आहेत."

ती खाली बसली. मी "सर्वानुमते मंजूर" म्हटलं आणि पंगत बसली. मला हवी होती ती शांतता मिळाली. बाया जेवायला थांबल्या नाहीत.

पुढचं थोडक्यात. शेठनं एक हंगाम भाव दिला. मग गिरणीभोवती भिंत घातली, फाटकाशी चौकीदार बसवला, कनकी आणि कोंडा बंद केला. कंपनी आता कागदावरच उरली आहे. आणि गावात एकच गोष्ट पक्की झाली: आपण वाट्यावाल्या सराच्या हातात चिंचोके दिले आणि त्यानं ते उलटे मोजले.

सर बरे झाल्यावर एका सकाळी माझ्याकडे आले. माझ्या बायकोनं चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. मी त्यांना कधी चहा नाकारताना पाहिलं नव्हतं. खूप वाळले होते, रुमाल गळ्यात दोनदा गुंडाळलेला.

"एकच विचारायला आलो," ते म्हणाले. "सांगायचं विसरलात, की सांगितलं नाहीत? दोनांपैकी काय?"

मी खाली पाहत राहिलो. मग पुटपुटलो, "सर, तसं पाहिलं तर दोन्ही..."

ते उठले. दारात थांबून म्हणाले, "हे उत्तर नाही, अध्यक्ष." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

वाट्या माझ्याकडेच राहिल्या. त्यांनी मागितल्या नाहीत. मालतीवहिनींनीही नाही, ज्या वाट्यांसाठी दारापर्यंत धावायच्या. त्या बाजारात दिसल्या तरी मला टाळून जात. सर गेले तेव्हा मी त्यांच्या अंगणात लोकांच्या मागे उभा होतो. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. होतं ते बोलायची जागा ती नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. अशा जागा मला नेहमीच सापडत आल्या आहेत.

टपरीवरचं ते बोलणं ऐकून आल्यावर बरेच दिवस मी घराबाहेर पडलो नाही. शेवटी सोनाबाईकडे गेलो. ती आता खाटेला खिळली आहे, पण कान शाबूत आहेत. मी खाटेच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. रडलो. म्हटलं, "सर खोटं बोलले नव्हते. मी बोललो."

ती आढ्याकडे पाहत होती.

"सर आलते," ती म्हणाली. "सभेच्या बाद. लय खेपा आलते. कोनं खाट नाही टाकली त्यायच्यासाठी. माह्याच अंगनात बसले, अन् म्हने, सोनाबाई, माही चूक झाली."

"त्यांची? त्यांची काय चूक?"

"पयल्यांदा मले इचारलं नाही म्हने, तुमच्या मालकाले इचारलं. त्याचीच माफी मांगून राह्यलते. तुमचं नाव नाही घेतलं, भाऊ. म्याच इचारलं, मंग सभेत असं काहून झालं? तं म्हने, ते अध्यक्ष येऊन सांगतीन. त्यायलेच सांगू द्या."



"म्या वाट पाह्यली," ती म्हणाली. "दोन-चार साल पाह्यली. मंग मीबी लोकाईसारखंच म्हनाले लागली. सरानंच घालवली." मग तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आता मले एकटीले सांगून का होते? मी तं चालली. गावाले सांगा."

गाव कुठं जमवू? सभा नाही, मंडप नाही, माइक नाही. बसस्टँडवर, टपरीवर दोनदा प्रयत्न केला. म्हातारा बडबडतो म्हणून लोकांनी जागा करून दिली, पाणी दिलं. म्हणून हे लिहिलं आहे. जो वाचेल त्यानं किरनापूरकडे कोणी आपलं असेल तर सांगावं. सरांनी बरोबर मोजलं होतं. चुकलं तेव्हा स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, आणि परत मोजलं होतं. बायकांचे चिंचोके त्यांनी माझ्यापर्यंत पोचवले. माझ्यापुढे ते गेले नाहीत.

मी त्यांना हयातीत शेवटचं पाहिलं ते बालाघाटच्या बसस्टँडवर. माझ्या घरून ते उठून गेले, त्यानंतर काही महिन्यांनी. किरनापूरची बस लागलेली होती. मी रस्त्याच्या पलीकडे औषधाच्या दुकानाशी होतो. सर खिडकीशी बसले होते, रुमाल, चष्मा, तेच. कुठं चालले होते ते तेव्हा मला कळलं नाही, आता सोनाबाईमुळे कळतं. मी हाक मारू शकलो असतो. बस सुरू झाली, खड्ड्यात आपटली, आणि त्यांनी चटकन मांडीवरची दुसरी, तसलीच कापडी पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली, आवाज होऊ नये म्हणून. पिशवी चपटी, रिकामी होती. वाट्या माझ्या घरी होत्या.